वादविवाद स्पर्धेत समोरच्यांचे मुद्दे नुसते खोडून जिंकता येतं का?

विरोधी बाजूने स्वतःचा मुद्दा न मांडता फक्त खोडत राहिलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. क्वचित चालतं, पण त्यावर विसंबू नका.

मी रत्नागिरीत कॉलेजच्या मुलांची तयारी करून घेते, अमेरिकेतल्या पॉलिसी डिबेटच्या धर्तीवर, दोघांविरुद्ध दोघं. तिथल्या शाळांमध्ये मांडणीला ८ आणि प्रत्युत्तराला ५ मिनिटं मिळतात आणि प्रत्युत्तरात नवा मुद्दा काढता येत नाही. म्हणून कशावर उभं राहायचं हे आधीच ठरवावं लागतं.

मुलांना मी इथल्या मिरकरवाडा मासेमारी बंदराच्या जवळचा विषय देते. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना केंद्राची १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. समजा ठराव असा, की राज्याने आपल्या हद्दीत ती ९० दिवसांची करावी. तुम्ही म्हणालात, 'मासळी घटण्याची कारणं वेगळीच आहेत, बंदी वाढवून फारसं साधणार नाही.' बरोबर असेल. पण परीक्षक म्हणणार, थोडं तरी साधेल ना, आणि तोटा तर कुणी दाखवलाच नाही! ठराव जिंकला. खलाशी, मासळी विकणाऱ्या बायका, बर्फाचे कारखाने महिनाभर बसून राहतील, हे तुम्हीच मांडायला हवं होतं.

आता खरी गोम. राज्याची हद्द किनाऱ्यापासून १२ सागरी मैल. तुमचा जोडीदार जोशात म्हणतो, 'नौका त्यापलीकडे जाऊन मासे मारतीलच, बंदीचा उपयोग शून्य.' खोडणं म्हणून हे जबरदस्त आहे, फायदा पुरता पुसला जातो. पण समोरचे हुशार असतील तर ते वाद घालत नाहीत. ते म्हणतात, 'मान्य! मग खलाशांचा रोजगार बुडतो कुठे?' तुमच्याच बचावाने, म्हणजे खोडण्याने, तुमचा हल्ला, म्हणजे तुम्ही दाखवलेला तोटा, गेला. चांगल्या टीमही इथेच हरताना मी पाहिल्यात आणि फार वाईट वाटतं, कारण सुटा घेतला तर प्रत्येक मुद्दा बिनचूक असतो.

म्हणून ठरावाचा कोणता तोटा मांडायचा ते आधी पक्कं करा. मग खोडायचा प्रत्येक मुद्दा त्या तोट्याशी ताडून बघा, आणि जो त्यालाच कापतो तो कितीही देखणा असला तरी सोडा. शेवटच्या भाषणात 'त्यांचा फायदा होणारच नाही' म्हणण्यापेक्षा 'झालाच तर एवढासा, आणि रोजगार बुडणार तो एवढा' असं म्हणा. परीक्षकाला तुलनाच लिहायची असते, ती तुम्ही करून द्या.