ती बाटली फेकू नकोस, घेऊन ये

रामबाग, इंदूर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा दुकानात लैंगिक ताकदीच्या कॅप्सूलबद्दल विचारायला तू मोबाइल पुढे केलास आणि मागे कुणी बाई आल्या तसा पटकन खिशात घातलास. बोलणं अर्धंच राहिलं, म्हणून लिहितोय. लाजू नकोस. पस्तीस वर्षांत हा प्रश्न मी याच हळू आवाजात कितीतरी जणांकडून ऐकलाय.

तू म्हणालास, "काका, आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही, अर्ध्या तासात फरक पडतो." मला काळजी त्या अर्ध्या तासाचीच आहे. अश्वगंधा, मुसळी, गोखरू यांचा गुण सांगताना वैद्य महिन्यांच्या हिशेबात बोलतात. अर्ध्या-एक तासात चेहरा तापतो, डोकं ठणकतं, नाक चोंदतं आणि 'फरक' पडतो, तो सिल्डेनाफिलने, म्हणजे व्हायग्रातल्या औषधाने. हे चिठ्ठीशिवाय द्यायचंच नाही असं औषध. ते किंवा त्याच जातीचं टाडालाफिल 'हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलमध्ये लपवून घातलेलं सापडलं, असे इशारे अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन वर्षानुवर्षं देतंय. किती घातलंय, हे डबीवर कुठून असणार?

आमचे एक जुने गिऱ्हाईक होते. हृदयाचा त्रास, जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी कायम खिशात. मित्राने दिलेली 'जडीबुटी' घेतली, रात्री छाती भरून आली, सवयीने गोळी जिभेखाली ठेवली आणि जागीच कोसळले. सिल्डेनाफिल आणि नायट्रेट, दोन्ही औषधं रक्तवाहिन्या सैल करतात. एकत्र आली की बीपी धाडकन खाली येतं. म्हणून सिल्डेनाफिलनंतर २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट देत नाहीत. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा घरचे म्हणाले, "औषध काही नाही घेतलं, झाडपाल्याचंच होतं." ते वाचले. दुसऱ्या दिवशी वहिनी डबी घेऊन आल्या, "यात काय आहे हो?" मी कागदावर एक कॅप्सूल उघडली. पांढरी, मऊ भुकटी. चूर्णाचा वास नाही की रंग नाही. वहिनींना सांगायला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तुला हृदयाचा त्रास नाही, ठाऊक आहे. तुझ्या वयात बहुतेकदा मनावरचा ताण असतो, लग्नाची तारीख जवळ आली की जास्तच. पण त्रास टिकून राहिला तर शुगर आणि बीपी बघायलाच हवं. तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, म्हणून बिघाड कधीकधी तिथे आधी दिसतो. कॅप्सूलने तो झाकला जातो. अशा ताकदीच्या जाहिरातींवर १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी भिंती रंगलेल्याच आहेत.

एखादी घेऊन झाली असेल आणि छातीत दुखलं, भोवळ आली किंवा ताठरता चार तासांत उतरली नाही, तर थेट इमर्जन्सीत जा आणि काय घेतलं ते आधी सांग.

दुपारी दोन ते चार दुकानात कुणी नसतं. उपाशीपोटीची शुगर तपासून रिपोर्ट आण, बाटलीही आण. डॉक्टरांकडे मी बरोबर येईन.

तुझा,
मेडिकलवाले काका