मी नाशिकचा, गाडी रॉयल एनफील्डची हिमालयन ४११ बाईक. तिच्या क्रॅश गार्डला (इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या लोखंडी नळ्यांना) आणि इंजिनखाली शोभेचे एलईडी लाइट घरच्या घरी बसवता येतील का? बॅटरी उतरेल का, आणि पोलीस अडवतील का?

घरी जमेल. स्ट्रिप चिकटवायला अर्धा तास पुरतो. करंट कुठून घ्यायचा आणि वायर कुठून न्यायची यात मात्र अख्खा रविवार जातो, आणि तो जाऊ द्या. तुम्ही नाशिकचेच, गाडीही हिमालयन ४११, म्हणजे माझीच, त्यामुळे माझ्या गाडीवर काय काय झालं तेच सांगतो.

मी अंबड एमआयडीसीत कंट्रोल पॅनलचं वायरिंग करतो. दिवसभर वायर सोल, थिंबल दाब, फेरूल नंबर घाल. सुट्टीच्या दिवशी पुन्हा तेच हातात घ्यायचा कंटाळा आला म्हणून पहिल्या वेळी गाडी एका दुकानात टाकली. दुकानाचं नाव सांगण्यात अर्थ नाही, तसली दुकानं गावोगावी आहेत. रंग बदलणारी स्ट्रिप, छोटा रिमोट, दीड तासात काम तयार. संध्याकाळी गंगापूर रोडला चहाच्या टपरीसमोर गाडी निळी-जांभळी चमकत होती आणि मी उगाचच दोन चहा जास्त प्यायलो.

मग ऑगस्टमध्ये आम्ही तिघं घोटीमार्गे भंडारदऱ्याला गेलो. घोटी सोडल्यावर लागलेला पाऊस मुक्कामापर्यंत थांबला नाही. पोचल्यावर रिमोटने लाइट बंद केले, गाडीवर कव्हर टाकलं आणि भजी खायला पळालो. सकाळी कव्हर उचललं तर खाली चिखलावर लालसर, विझत आलेला उजेड. बंद केलेले लाइट रात्रभर लाल पेटून होते! स्टार्टर दाबला तर आतून नुसतं कट-कट-कट. हिमालयनला किक नाही. ढकलून काढावी तर इंजेक्शनची गाडी. बॅटरीत जीवच नसेल तर पेट्रोलचा पंप फिरत नाही, मग तिघांनी कितीही धक्का मारा. शेवटी एका दुधाच्या पिकअपवाल्याने जंपर लावून दिला. जाताना म्हणाला, "एवढी लाइटिंग केली, तर बॅटरीपण ट्रकची घ्यायची ना भाऊ!" घरी कळल्यावर आई म्हणाली, "चांगले दिवे लावलेस." तिला पुढे काही बोलायची गरजच पडली नाही.

कारण शोधायला माझा अर्धा दिवस गेला. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यातच आहे.

रंगीत स्ट्रिपला चार वायरी असतात. एक प्लस, बाकी तीन लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाच्या. रिमोटने बंद केलं म्हणजे कंट्रोलरने प्लस तोडला असं आपण धरून चालतो. या साध्या कंट्रोलरमध्ये तसं नसतं. प्लस कायम स्ट्रिपवर येऊन बसलेला असतो आणि कंट्रोलर प्रत्येक रंगाची मायनस बाजू जोडतो-तोडतो. आता गाडीची चेसिस म्हणजे काय? अख्खी मायनस. दुकानदाराने वायर क्रॅश गार्डच्या क्लॅम्पखालून दाबून नेली होती. कंपनाने इन्सुलेशन सोललं, लाल रंगाच्या वायरीचं तांबं क्लॅम्पच्या बोल्टला टेकलं आणि कंट्रोलरला न विचारता लाल रंग चालू झाला. सगळ्या स्ट्रिपा एकाच वायरीवर, म्हणून सगळ्याच लाल.

यात गंमत अशी की फ्यूज असता तरी उडाला नसता (तसा तो नव्हताच). स्ट्रिपमधले रेझिस्टर (करंटला अडवणारे छोटे भाग) करंट धरूनच ठेवतात, त्यामुळे फ्यूजच्या लेखी हे शॉर्ट सर्किट नव्हतंच, लाइट चालू होता एवढंच. माझ्याकडे एकूण दोन मीटर स्ट्रिप. मीटरला ६० एलईडीची ५०५० स्ट्रिप पूर्ण पेटली की मीटरमागे १४.४ वॅट खाते, म्हणजे १२ व्होल्टवर १.२ अँपिअर. एकटा लाल रंग साधारण त्याचा तिसरा हिस्सा. दोन मीटरचे झाले ०.८ अँपिअर. नऊ तासांचे ७.२ अँपिअर-अवर. बॅटरीवर ८ एएच, म्हणजे ८ अँपिअर-अवर, छापलेलं. हिशोब संपला.

म्हणून पहिलं काम, स्ट्रिपचा प्लस थेट बॅटरीवर ठेवायचा नाही. मध्ये रिले घाला, म्हणजे थोड्या करंटवर चालणारं आपोआप स्विच. हॉर्नला किंवा फॉग लॅम्पला लावतात तोच चार पायांचा. बॅटरीच्या प्लसवरून आधी फ्यूज, तोही बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत, मग रिलेची ३० नंबरची पिन. ८७ वरून कंट्रोलर किंवा स्ट्रिप. ८६ ला चावी फिरवल्यावरच करंट येणारी वायर आणि ८५ ला अर्थ. चावी काढली की रिले सुटतो आणि स्ट्रिपपर्यंत प्लस पोचतच नाही. मग खाली वायर सोलून चेसिसला टेको नाहीतर आणखी काही होवो.

चावीची वायर टेललाइटकडे जाणाऱ्या वायरिंगमध्ये सापडते. रंगावर विश्वास ठेवू नका, मल्टिमीटरने चावी चालू-बंद करून बघा. रिलेच्या कॉइलला जेमतेम दीडशे मिलिअँपिअर लागतो, तेवढा ती वायर आरामात देते. स्ट्रिपचा सगळा लोड मात्र तिच्यावर टाकू नका. आणि कंपनीचं वायरिंग कापू नका. जुळणारे कपलर (वायरिंगचे प्लग) आणून मध्ये जोडायचा छोटा वायरचा तुकडा करून घ्या. वायर चिमटून जोडणारे ते निळे-लाल प्लॅस्टिकचे क्लिप मिळतात ते घरातल्या कारच्या डॅशबोर्डखाली ठीक. आपल्या पावसात दोन महिन्यांत आत हिरवा गंज धरतो. वॉरंटी चालू असेल तर कापलेली वायर बघून नकार द्यायला शोरूमवाल्याला आयतंच कारण मिळतं.

दुसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. स्ट्रिप १२ व्होल्टची, गाडी मात्र १२ ची नाही. इंजिन चालू असताना चार्जिंग १४ व्होल्टच्या आसपास असतं. दोन व्होल्टने काय होतंय, असं वाटेल. पांढरी स्ट्रिप घ्या. एका गटात तीन एलईडी ओळीने आणि एक रेझिस्टर. प्रत्येक एलईडी सव्वातीन व्होल्टच्या आसपास खातो, म्हणजे तिघांचे साडेनऊ-पावणेदहा गेले. १२ मधून रेझिस्टरच्या वाट्याला सव्वादोन-अडीच उरतात. १४.४ आले की उरतात पावणेपाच. करंट रेझिस्टरवरच ठरतो, म्हणजे तो जवळजवळ दुप्पट. वर इंजिनची उष्णता. चार-सहा महिन्यांत पांढऱ्याचा फिकट निळा होतो, मग तीन-तीनचे गट मेलेल्या दातांसारखे काळे पडतात. रस्त्यावर अशा गाड्या तुम्ही पाहिल्याच असतील.

उपाय सोपा आहे. व्होल्टेज उतरवणारा बक कन्व्हर्टर मिळतो, रेझिनमध्ये बुडवलेला वॉटरप्रूफ घ्या, आणि आउटपुट ११-साडेअकरा व्होल्टवर लावा. प्रकाश निम्म्यावर येतो, पण डोळ्यांना बरा वाटतो आणि स्ट्रिप टिकते. नाहीतर स्ट्रिपचा नाद सोडून गाड्यांसाठीच बनवलेले छोटे एलईडी पॉड घ्या, ज्यांवर ९ ते ३० व्होल्ट लिहिलेलं असतं. त्यांच्या आत ड्रायव्हर, म्हणजे करंट सांभाळणारं सर्किट असतं. महाग पडतात, पण दुसऱ्यांदा मी तेच घेतले असते तर बरं झालं असतं असं आता वाटतं.

सध्या माझ्या गाडीवर एकच मीटर स्ट्रिप आहे, एकाच रंगाची, पिवळसर पांढरी, इंजिनच्या बॅश प्लेटच्या (खालच्या संरक्षक पत्र्याच्या) आतून जमिनीकडे तोंड करून. ३ अँपिअरचा फ्यूज. रिमोट नाही, ब्लूटूथ नाही, हँडलवर रबरी टोपीचं एक स्विच. रंग बदलणारा कंट्रोलर हवाच असेल तर तोही रिलेच्या ८७ नंबरच्या पिननंतरच ठेवा. ब्लूटूथवाला कंट्रोलर लाइट बंद असतानाही फोनची वाट बघत बसलेला असतो. २० मिलिअँपिअर जरी खात असेल तरी दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-अवर. गावी जाऊन पंधरा-सोळा दिवसांनी आलात की गाडी मेलेली.

चिकटवण्याबद्दल थोडक्यात. स्ट्रिपच्या मागची टेप मोजायचीच नाही. मेडिकलमधून स्पिरिट आणून जागा पुसा, वाळू द्या, चांगली दुहेरी फोम टेप लावा आणि वर दर चार बोटांवर केबल टाय. एक दिवस पाणी लागू देऊ नका. सायलेन्सरच्या बेंडपासून किमान वीतभर लांब. स्ट्रिप सिलिकॉनच्या नळीतली घ्या; कापाल त्या टोकाला सिलिकॉन भरा, कारण पाणी तिथूनच आत शिरतं आणि नळीत साचून राहतं. जॉइंट सोल्डर करून वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी), ती आतून गोंद असलेली. काळी टेप गुंडाळायची असेल तर सरळ नका लावू लाइट. वॉशिंग सेंटरला गेलात तर प्रेशरचा फवारा स्ट्रिपवर धरू नको असं आधीच सांगा. मी सांगतो, तरी पोरगं मारतंच.

वायर हँडलकडे नेताना थोडी ढिली सोडा आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघा. ताणली जात असेल तर ती तुटणार, आजच नाही तुटली तरी त्र्यंबकच्या रस्त्यावर कुठेतरी. क्लॅम्पखालून वायर नेऊ नका हे आता वेगळं सांगत नाही.

आता पोलीस. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०८ वा नियम सरळ आहे. पुढच्या बाजूला लाल दिवा दिसता कामा नये आणि मागच्या बाजूला लाल सोडून दुसरा दिसता कामा नये. मागे सवलत आहे ती इंडिकेटर, नंबर प्लेटचा दिवा, रिव्हर्सचा दिवा अशांना. म्हणजे पॅनियरखाली (मागच्या बाजूच्या सामानाच्या पेट्यांखाली) मागे तोंड करून निळी पट्टी लावली की नियम मोडलाच. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातलं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहेच. निळा-लाल लुकलुकणारा प्रकार तर विसराच, लोक ॲम्ब्युलन्स किंवा पोलिसांची गाडी समजून बाजूला होतात. मला जुन्या लाइटांसकट एका सिग्नलला हवालदार साहेबांनी थांबवलं होतं. पावती केली नाही, फक्त विचारलं, "वरात कुठे चाललीय?" मागची बाईक हसत होती. पावती परवडली असती.

माझं मत विचाराल तर जमिनीकडे वळलेला एकाच रंगाचा स्थिर उजेड, ज्यात एलईडीचा दाणा मागून-पुढून थेट दिसत नाही, तेवढाच ठेवा. आणि तोही शक्यतो थांबल्यावर. हौसेला मोल नसतं हे मान्य. पण कसारा घाटात किंवा इगतपुरीच्या धुक्यात चालत्या गाडीला तो बंदच हवा. मी एकदा मुद्दाम चालू ठेवून बघितला. चाकाने उडवलेलं पाणी आणि धुकं त्या उजेडाने पांढरं होतं आणि आपण ढगावर बसल्यासारखे, पुढचं काही दिसत नाही. क्रॅश गार्डवर, इंडिकेटरच्या शेजारी स्ट्रिप लावली तर आणखी वाईट. तुमचा पिवळा इंडिकेटर त्या झगमगाटात विरघळतो आणि समोरच्याला तुम्ही वळताय हे कळतच नाही. म्हणून क्रॅश गार्डचा विचार सोडा, फक्त इंजिनखालचा ठेवा.

सगळं जोडून झालं की लगेच सीट लावू नका. चावी काढा, बॅटरीचं मायनस सोडवा आणि ती वायर व बॅटरीचं टोक यांच्या मध्ये मल्टिमीटर मिलिअँपिअरवर लावून आकडा बघा. हाच आकडा काम सुरू करण्याआधीही घेऊन कागदावर लिहून ठेवलेला पाहिजे. मीटर मध्ये असताना चावी फिरवू नका, मीटरचा फ्यूज जाईल, माझा गेलाय. मग मीटर काढून मायनस परत बसवा, बादलीभर पाणी मगाने स्ट्रिपवर ओता, लाइट लावून हँडल दहा वेळा इकडून तिकडे फिरवा, आणि चावी काढून पुन्हा मोजा. आधीचा आणि आताचा आकडा सारखा आला की सीट बसवा.