गटात प्रश्न टाकताना

भाऊ, रावेरच्या शेतकरी गटाच्या बैठकीत "केळीवर करपा आलाय, काय करू?" एवढंच विचारलंस, तर एकजण औषधाचं नाव सांगेल अन् चहा येईल. आधी तुझ्या बागेचं सांग: लागवड कधीची, टिश्यूची (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपं की कंद, करप्याचे डाग खालच्याच पानांवर की वरपर्यंत, पाणी कुठं साचतं. मग विचार, "निसवणीआधी, म्हणजे घड बाहेर पडायच्या आधी, तुम्ही रोगट पानं किती काढली? घडावर काय फरक पडला?" आता दोघांचे अनुभव जुळणार नाहीत, वाद रंगेल. रंगू दे. कुणी गप्प झालं तर घाईनं मध्ये बोलू नकोस. मागं बसलेल्या ताईंना मुद्दाम विचार, बागेत रोज त्याच असतात. बऱ्हाणपूर बाजारातल्या केळीच्या दराचा विषय मात्र शेवटी काढ. तो आधी निघाला की बैठक तिथंच अडकते.