पोर्ट क्लांग बेकार म्हणतात, मग उतरायचं की नाही?

ताई, तुम्ही विचारलंय की चाळीसगावहून तुम्ही, मिस्टर आणि सासूबाई सिंगापूरच्या क्रूझला चाललात, मधे मलेशियातलं पोर्ट क्लांग (क्वालालंपूरचं बंदर) आणि पेनांग, आणि थायलंडचं फुकेत आहे, आणि जो तो सांगतोय की पोर्ट क्लांग एकदम बेकार, जहाजावरच बसा. माझ्या आतापर्यंत चार क्रूझ झाल्यात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आपल्या जळगावचंच बघा ना. अजिंठ्याला जाणारे कितीतरी लोक जळगाव स्टेशनला उतरतात, तिथून लेणी साधारण ६० किमी. आता एखादा सोमवारी आला, सोमवारी लेणी बंद, वरून मे महिन्याचं ऊन, स्टेशनसमोरच्या रिक्षा आणि लॉज बघून संध्याकाळच्या गाडीने परत गेला, तर तो काय लिहिणार? जळगाव बेकार. त्याने धड अजिंठा पाहिला नाही आणि धड जळगावही नाही, पोर्टच्या बाबतीत नेमकं हेच होतं.

पोर्ट क्लांगचं असं की ब्रोशरमध्ये मोठ्या अक्षरात क्वालालंपूर लिहितात आणि जहाज लागतं पुलाउ इंदाह बेटावर, बाहेर पडलं की कंटेनर आणि ट्रक, फिरायला काही नाही. शहर तिथून एक-सव्वा तास, ट्रॅफिक लागला तर जास्तच. हे फक्त मलेशियात नाही, रोम म्हणतात ते चिव्हितावेक्किया, तिथून रोम ७०-८० किमी, पॅरिस म्हणतात ते ल हाव्र, म्हणजे जवळपास २०० किमी, बँकॉक म्हणतात ते लेम चाबांग, ते पण शंभराच्या वर. लोकांचा राग असतो बसमधल्या तासांवर, नाव मात्र गावाचं खराब होतं.

माझंच सांगतो. पहिल्या वेळी एका एजंटची टूर घेतली, जहाज ८ ला लागलं पण बस सुटायला साडेनऊ, बाटू केव्हज (डोंगरातल्या गुहा आणि तिथलं मुरुगनचं, म्हणजे कार्तिकेयाचं, देऊळ) खालूनच दाखवल्या, पेट्रोनास टॉवर्सपाशी २० मिनिटं फोटो, आणि चॉकलेटच्या दुकानात पाऊण तास. घरी येऊन मी पण सगळ्यांना सांगत सुटलो की क्वालालंपूर काही खास नाही, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण दुसऱ्या वेळी आम्ही चौघांनी गाडी ठरवली, फक्त बाटू केव्हज आणि जेवण एवढंच ठेवलं, २७२ पायऱ्या चढून वर गुहेत गेलो, वरून उजेड खाली येतो ते बघत अर्धा तास बसलो, त्या दिवसाची आठवण आमची मंडळी अजून काढते. पोर्ट तेच, जहाजही तेच होतं.

पेनांगबद्दल कोणी फार बोलत नाही पण तुमच्या तिन्हीत मी त्याला पहिला नंबर देईन. जहाज स्वेटनहॅम पिअर या धक्क्याला लागतं, म्हणजे थेट जॉर्ज टाउन या पेनांगच्या मुख्य गावातच, फोर्ट कॉर्नवॉलिस हा जुना किल्ला चालत पाच-दहा मिनिटांवर. २००८ पासून हे गाव युनेस्कोच्या यादीत आहे. लिटल इंडियात इडली-डोसा, केळीच्या पानावरचं जेवण सगळं मिळतं, सासूबाईंच्या खाण्याची चिंता नको. पुढे आर्मेनियन स्ट्रीटवर २०१२ मध्ये अर्नेस्ट झाकारेविच या चित्रकाराने भिंतीवर काढलेली सायकलवरची दोन मुलं, सायकल मात्र खरी लावलीय. मग च्यू जेट्टी, चिनी कुटुंबांची लाकडी घरं, खांबांवर, पाण्याच्या वर. हे सगळं एका दिवसात आरामात होतं, गाडीभाडं जवळपास शून्य.

रिव्ह्यू वाचताना आधी बघा की तो माणूस कितीला उतरला, कितीला परत आला, वार कोणता होता. रोमला रविवारी उतरलेला व्हॅटिकन म्युझियम बंद म्हणून चिडतो, महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर ते बंदच असतं. ग्रीसचं सँटोरिनी बेट किती सुंदर, पण छोट्या बोटीने उतरून वर जायला केबल कार, खेचर नाहीतर ५८० च्या वर पायऱ्या, एकाच दिवशी चार जहाजं आली की अर्धा दिवस रांगेत, त्यातले लोक पण निराश म्हणूनच लिहितात.

आता तुमचं. सासूबाईंचे गुडघे दुखतात असं लिहिलंय, तर पोर्ट क्लांगला उतरून बाटू केव्हजला गेलात तर त्यांना पायऱ्यांचा आग्रह करू नका, मुरुगनची ४२ मीटरची मूर्ती आणि रामायण गुहा खालीच आहे. स्वतः गाडी केली तर ऑल अबोर्डच्या (सगळ्यांनी जहाजावर परत यायची शेवटची वेळ) दोन तास आधी पोर्टला पोचायचं असंच धरा, जहाजाच्या टूरला उशीर झाला तर जहाज थांबतं, आपल्या टॅक्सीसाठी नाही थांबत. आणि जहाजाचं घड्याळ बघा, थायलंड सिंगापूरच्या एक तास मागे आहे.

फुकेतला पातोंग किनाऱ्यासमोर समुद्रात थांबून छोट्या बोटीने उतरवणार की धक्क्याला लागणार, ते आयटिनरीत बघून इथेच कळवा. बोटीत चढ-उतार सासूबाईंना जमेल का ते त्यावरच ठरेल, मग पुढचं सांगतो.