खिडकीतला प्राणी

प्रश्न : ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश टीव्ही मालिकेच्या २०१० सालच्या एका भागात कालप्रवासी चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगला भेटतात. त्याच्या चित्रातल्या चर्चच्या खिडकीत परग्रहावरचा प्राणी दिसतो. मूळ चित्रात असं काही आहे का?

उत्तर : नाही हो. फ्रान्समधल्या ओव्हेर गावचं ते चर्च व्हिन्सेंटने जून १८९० मध्ये रंगवलं; चित्र पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. खिडक्यांत नुसता गडद निळा रंग. पण छापील प्रत डोळ्यांजवळ धरली की मला छपराची थरथरती रेघ दिसते, दुभंगलेली वाट, तिच्यावर पाठमोरी बाई. आणि दार कुठेच नाही! पुढच्याच महिन्यात व्हिन्सेंट गेला, अवघ्या ३७ व्या वर्षी. मालिकेतही प्राणी मरतो, भविष्यातलं कौतुक व्हिन्सेंट डोळ्यांनी पाहतो, तरी त्याचा जीव वाचत नाही. तिथे मला दरवेळी भरून येतं.