पृष्ठभागावरचा सिग्नल ४० टक्क्यांनी उतरला, म्हणजे ४० टक्के रिसेप्टर पेशीत गेले असं लिहावं का?

नाही, तसं लिहू नका. तुमचं निरीक्षण बरोबर असेल, पण त्यावरून काढलेलं वाक्य टिकणार नाही. तुम्ही हेला पेशींना (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशी) ईजीएफ, म्हणजे वाढीचा संकेत देणारं प्रथिन, दिलं, ३७ अंशांवर ३० मिनिटं ठेवलं, मग बर्फावर ईजीएफआरची (पृष्ठभागावर ईजीएफ पकडणाऱ्या रिसेप्टर प्रथिनाची) अँटिबॉडी लावून फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या यंत्रावर, पाहिलं आणि सिग्नल १०० वरून ६० वर आला. यातून कळतं ते इतकंच, की त्या वेळी अँटिबॉडीला पृष्ठभागावर सापडतील असे रिसेप्टर ६० टक्के होते. किती आत गेले, किती वेगाने गेले आणि गेलेल्यांपैकी किती परत वर आले, हे त्या एका आकड्यात नाही.

शाळेतली हौदाची गणितं आठवा. एक तोटी हौद भरते, दुसरी रिकामा करते; नुसती पातळी पाहून कुठल्याच तोटीचा वेग सांगता येत नाही. इथेही तेच आहे. समजा एका पेशीत रिसेप्टर आत जाण्याचा वेग मिनिटाला ०.०४ आहे आणि परत येण्याचा ०.०६. दुसरीत हेच वेग ०.२ आणि ०.३ आहेत, म्हणजे सगळं पाचपट जलद. ३० मिनिटांनी पहिलीत ३८ टक्के रिसेप्टर आत असतील, दुसरीत ४०. फ्लोवर हा फरक दिसणारच नाही. याच पेशी २ मिनिटांनी पाहिल्या तर पहिलीत आत असतील ७ टक्के, दुसरीत २५. खरी माहिती त्या पहिल्या दोन-चार मिनिटांत आहे आणि ३० मिनिटांच्या नमुन्यात ती पुसली गेलेली असते. हे गणित स्वतः कागदावर करून पाहा. ईजीएफआरमध्ये पुढे लायसोसोममधला (पेशीतल्या मोडतोड करणाऱ्या पिशवीतला) नाशही त्यात मिसळतो, त्यामुळे उशिराचा आकडा आणखीच गढूळ होतो.

लोह वाहणाऱ्या ट्रान्सफेरिन या प्रथिनाच्या रिसेप्टरचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. तो ट्रान्सफेरिन असो वा नसो, सतत आत जातो आणि साधारण १० ते २० मिनिटांत फेरी पुरी करून वर येतो. पृष्ठभागावरची त्याची संख्या मात्र जवळजवळ स्थिर राहते. तुमच्या पद्धतीने मोजलं तर उत्तर येईल शून्य, आणि पेशीला लोह मिळतंय ते मात्र याच मार्गाने.

म्हणून आत गेलेलं थेट मोजायला हवं. माझा आग्रह १९८२ सालच्या वायली आणि कनिंगहॅम यांच्या पद्धतीचा आहे. ती जुनी असली तरी विचार इतका स्वच्छ आहे की विद्यार्थ्याने एकदा तरी ती हाताने करावी. खूण लावलेलं ईजीएफ ३७ अंशांवर द्यायचं आणि १, २, ३, ४, ५ मिनिटांनी बर्फासारख्या थंड बफरने थांबवायचं. प्रत्येक वेळेचे दोन संच ठेवायचे. एक नुसता धुवायचा, त्यात बाहेरचं आणि आतलं दोन्ही येतं. दुसऱ्याला बर्फावरच आम्ल धुणी द्यायची: ०.२ मोलर अ‍ॅसेटिक आम्ल, ०.५ मोलर मीठ, पीएच २.५ ते २.८ च्या आसपास, काही मिनिटं. पृष्ठभागावरचं ईजीएफ सुटून जातं आणि उरतं ते आतलं. दोन्हींची वजाबाकी म्हणजे पृष्ठभाग. मग आत जमलेलं उभ्या अक्षावर आणि पृष्ठभाग गुणिले वेळ यांची साठत गेलेली बेरीज आडव्या अक्षावर मांडायची. रेषेचा उतार हाच आत जाण्याचा दर. उदाहरणार्थ, पृष्ठभागावर सुरुवातीला १००० आणि मिनिटाने ८५० असेल, तर सरासरी ९२५. तेवढ्या वेळात आत १५० जमले असतील, तर दर मिनिटाला साधारण ०.१६. पाच मिनिटांपुढे जाऊ नका, कारण परतणारे रिसेप्टर मोजणीत शिरले की रेष वाकू लागते.

आता ज्या जागी प्रयोग खरोखर फसतो ती जागा: तापमान. बर्फावरची प्लेट उचलून इन्क्युबेटरमध्ये ठेवली की लोक घड्याळ सुरू करतात. हवा उष्णता फार सावकाश देते. वेलमधलं (प्लेटच्या खळग्यातलं) मीडियम, म्हणजे पेशींचं पोषक द्रव, ३७ अंशांवर यायलाच काही मिनिटं जातात, आणि तुमचा सगळा प्रयोग पाच मिनिटांचा आहे. आधीच ३७ अंशांवर आणलेलं मीडियम ओता आणि प्लेट पाण्याच्या बाथवर टेकलेल्या धातूच्या पत्र्यावर ठेवा. मीडियममध्ये हेपेस हे बफर घाला, म्हणजे बाहेर असताना पीएच सरकणार नाही. थांबवताना प्लेट बर्फाच्या खड्यांवर ठेवण्यापेक्षा बर्फ आणि पाण्याच्या काल्यात ठेवा, तळ सगळीकडे टेकतो. फ्लोसाठी पेशी सुट्या करताना ट्रिप्सिन वापरू नका, ते पृष्ठभागावरची प्रथिनं कापतं, ईडीटीए वापरा. आणि मेलेल्या पेशी गेटमधून (मोजणीसाठी निवडलेल्या पेशींतून) काढाच, त्या अँटिबॉडी अशाच शोषून घेतात.

तुम्ही अँटिबॉडीचा क्लोन, म्हणजे ती नेमकी कुठल्या वाणाची, ते लिहिलेलं नाही. क्लोन २२५, ज्यापासून सेटुक्सिमॅब हे औषध बनलं, तो ईजीएफच्याच जागेवर बसतो. तुमचा क्लोन तसला असेल तर ईजीएफने जागा अडवल्यामुळेच सिग्नल उतरेल, रिसेप्टर जागचा हलला नसला तरी. तपासणं सोपं आहे: पेशींना ४ अंशांवरच ईजीएफ द्या, ३७ वर नेऊच नका, मग अँटिबॉडी लावा. इथेही सिग्नल पडला तर तुमच्या ४० मधला तेवढा भाग आत जाण्याचा नाही. हा कंट्रोल उद्याच करा, बाकीचं नंतर.

लिगँड (रिसेप्टरला चिकटणारा रेणू, इथे ईजीएफ) न देता रिसेप्टरचा मागोवा घ्यायचा असेल तर बायोटिन या छोट्या खुणेची वाट आहे. सल्फो-एनएचएस-एसएस-बायोटिन ४ अंशांवर पृष्ठभागावरच्या प्रथिनांना जोडायचं, पेशी ३७ वर न्यायच्या, मग ग्लुटाथायोन किंवा मेस्नाने बाहेर राहिलेलं बायोटिन तोडायचं. आत गेलेलं वाचतं. इथे ० मिनिटाचा तोडलेला नमुना हवाच, कारण तोडणी कधीच पुरी होत नाही. हिशेब असा: त्या वेळचं उरलेलं उणे ० मिनिटाचं उरलेलं, भागिले एकूण उणे ० मिनिटाचं उरलेलं. रिसेप्टरवरच अँटिबॉडी चिकटवून ती आत जाताना पाहायचा मोह होतो. पूर्ण अँटिबॉडीला दोन हात असतात, ती दोन रिसेप्टर एकत्र बांधते आणि त्यामुळेच त्यांना आत लोटू शकते. फॅब तुकडा, म्हणजे तिचा एकच हात, वापरा.

आम्ल धुणी सरसकट वापरू नका हेही सांगतो. ट्रान्सफेरिनचं लोह आम्लात सुटतं, पण लोह गेलेलं ट्रान्सफेरिन आम्लात रिसेप्टरला घट्टच धरून राहतं. ते सुटतं साध्या पीएचला. म्हणून तिथे आधी आम्ल आणि लोह पकडणारं डेफेरॉक्सामिन, मग उदासीन बफर, अशी दोन पायऱ्यांची धुणी लागते. रंगांचंही तसंच. फ्लुओरेसीन आम्लधर्मी एंडोसोममध्ये (आत गेलेलं ज्या पिशवीत पोचतं तिच्यात) मंदावतो, त्यामुळे आत गेलेलं कमी भासतं. पीएचरोडो हा रंग उलट आम्लातच उजळतो, पण तो मोजतो आम्लता; आत गेल्यापासून आम्लता येईपर्यंतचा वेळ तुमच्या आकड्यात मिसळतो. पडताळणीला चांगला, दर काढायला नाही.

चिकटणं आणि आत जाणं वेगळं मोजायची सवय किती मोलाची आहे, हे ब्राउन आणि गोल्डस्टीन यांच्या डॅलसमधल्या कामात दिसतं. ते किरणोत्सारी आयोडिन १२५ लावलेलं एलडीएल (रक्तातलं कोलेस्टेरॉल वाहणारे कण) पेशींना देत, पृष्ठभागावरचं हेपॅरिनने सोडवून घेत आणि उरलेलं आतलं म्हणून मोजत. जे.डी. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या, वारशाने कोलेस्टेरॉल फार वाढलेल्या एका रुग्णाच्या पेशींमध्ये एलडीएल नीट चिकटत होतं, पण आत जात नव्हतं. त्याचे रिसेप्टर क्लॅथ्रिनच्या खळग्यांत, म्हणजे पेशी जिथून रिसेप्टर आत ओढते त्या क्लॅथ्रिन प्रथिनाचं अस्तर असलेल्या जागांत, गोळाच होत नव्हते. नुसतं एकूण चिकटलेलं मोजलं असतं तर या पेशी निरोगी ठरल्या असत्या. पुढे १९८६ मध्ये दोष सापडला, रिसेप्टरच्या पेशीतल्या शेपटीतल्या ८०७व्या टायरोसिनच्या जागी सिस्टीन. एका अमिनो आम्लाने आत जाण्याचं दार बंद होतं, हे मला आजही थक्क करतं.

ईजीएफची मात्राही नोंदवा. मिलिलिटरला १ ते २ नॅनोग्रॅमवर बहुतेक काम क्लॅथ्रिनचा मार्ग करतो. २० ते १०० वर तो मार्ग अपुरा पडतो, क्लॅथ्रिनशिवायचे मार्गही उघडतात आणि दर खाली येतो. म्हणूनच ज्या ए४३१ पेशींवर ईजीएफआर दहा-वीस लाखांच्या घरात असतात त्या दर काढायला घेऊ नयेत. हेला ठीक आहेत. कमी मात्रेत फ्लोचा सिग्नल अशक्त येईल, तेव्हा नमुन्यात पेशी जास्त घ्या आणि शंभरपट साधं (खूण नसलेलं) ईजीएफ दिलेला कंट्रोल प्रत्येक संचात ठेवा.

प्रबंधात सध्याच्या आकड्यासाठी ‘३० मिनिटांनी पृष्ठभागावर सापडणाऱ्या ईजीएफआरमध्ये ४० टक्के निव्वळ घट’ असं लिहा आणि ४ अंशांचा कंट्रोल शेजारी दाखवा. क्लोनचं नाव आणि ईजीएफची मात्रा इथे प्रतिसादात कळवलीत तर पहिल्या पाच मिनिटांचे नमुने कसे लावायचे ते तुमच्या प्लेटच्या हिशेबाने सांगतो.