दयाला ‘स्ट्रेंग्थ’वर बसवू नको

टॅरोच्या, म्हणजे भविष्य पाहायच्या चित्रपत्त्यांच्या, धर्तीवर तू काढलेली पहिली सहा ट्रेडिंग कार्डं (जमवायची छोटी चित्रकार्डं) पाहिली रे. रेषा मस्त आहे, पण ‘स्ट्रेंग्थ’ (बळ) या पानावर ‘सीआयडी’ मालिकेतला दार तोडणारा दया काढलास, तिथं अर्थ निसटला. १९०९च्या प्रसिद्ध टॅरो संचात चित्रकार पामेला कोलमन स्मिथनं त्या पानावर एक बाई काढली आहे. डोक्यावर आडवा आठ, हलक्या हातानं सिंहाचा जबडा मिटतेय, चेहरा शांत. ते बळ धीराचं आहे. दयाला ‘टॉवर’ (मनोरा) हे पान दे. तिथं वीज पडून मनोरा फुटतो, माणसं खाली कोसळतात. तुटकं दार त्या पानावर शोभेल.

टॅरोच्या सगळ्या ७८ पानांच्या मागे आत्ताच लागू नको, त्यातली ‘स्ट्रेंग्थ’, ‘टॉवर’सारखी २२ मोठी पानं पुष्कळ झाली.

ट्रेडिंग कार्ड ६३ बाय ८८ मिलिमीटरचं, टॅरोचं पान त्याहून उंच. तुझ्या कार्डावर उंची कमी, म्हणून खालची नावाची पट्टी बारीक ठेव. चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारं जादा चित्र, सोडच. मी सोडलं नव्हतं, तर सीताबर्डीहून छापून आणलेल्या पहिल्या गठ्ठ्यात निम्म्या कार्डांच्या कडेला पांढरी रेघ! फार वाईट वाटलं होतं. विकायची असतील तर आधी हक्क असणाऱ्यांची परवानगी घे.

रविवारी फुटाळा तलावावर ये, माझी जुनी पानं घेऊन येतो.